रेंज नसलेल्या शाळेसाठी काही पत्ते

प्रिय सायली,


जिल्हा परिषदेच्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच त्याच्या मोबाईलमध्ये दोन गोष्टी येऊन पडतात. एक म्हणजे केंद्राचे, तालुक्याचे, विषयाचे व्हॉट्सॲप ग्रुप. आणि दुसरी, त्या ग्रुपांवर फिरणारी ‘प्राथमिक शिक्षकांसाठी १०० उपयुक्त वेबसाइट’ अशी यादी. यादी पुढे ढकलणारे पुष्कळ, उघडून बघणारा विरळा. शाहूवाडीच्या डोंगरातल्या तुझ्या दोनशिक्षकी शाळेला त्यातल्या पाच-सहा पुरेत. निवडताना एवढंच बघ, की पडदा बंद झाल्यावर पोराच्या हाताला किंवा तोंडाला काही काम उरतं का? उरत नसेल, तर ती साइट कितीही रंगीत असो, घरच्या टीव्हीत आणि तिच्यात फरक नाही.

या परीक्षेत सगळ्यांत वरचा नंबर ‘अरविंद गुप्ता टॉइज’चा. साइट दिसायला जुनाट. पण लॉग-इन नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. गुप्ता १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झाले, पुण्यात टेल्कोत लागले आणि १९७८ साली रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या त्या शाळांना प्रयोगशाळा कुठली? तेव्हा बाजारात जे मिळतं त्यातून त्यांनी साहित्य उभं केलं. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या साइटवर कचऱ्यातून खेळणी करायच्या कृती आहेत आणि अनेक भाषांतली पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, मराठीतलीसुद्धा.

सुरुवात काडेपेटीपासून कर. काड्यांचे गुल आधी खरवडून टाक, ते काम मुलांवर सोपवू नकोस. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची रबरी नळी आण आणि तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे काप. तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी घातली की झाला सांधा. तीन काड्या, तीन सांधे, झाला त्रिकोण. बोटाने दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र जरा ढकलला की कलंडतो. आता मुलांना विचार, याला उभा कसा ठेवायचा? कुणीतरी समोरासमोरच्या कोपऱ्यांत काडी लावायला जाईल आणि ती तोकडी पडेल. तिथे घाई करू नकोस. खराट्याचा हीर मोडून, मापून, दोऱ्याने बांधायचं त्यांनाच सुचू दे. ‘कर्ण बाजूपेक्षा लांब असतो’ हे वाक्य फळ्यावर आलंच नाही तरी चालेल. मग त्यांना वर बघायला सांग. शाळेच्या पत्र्याखालच्या कैचीत किती त्रिकोण आहेत ते मोजण्यात उरलेला तास जाईल. यातला ऑनलाइन भाग एवढाच, की कृती आदल्या रात्री तू बघितलीस.

वाचनासाठी ‘स्टोरीवीव्हर’. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ ला, साक्षरता दिनी, ही साइट सुरू केली. गोष्टी चार स्तरांत लावलेल्या आहेत. पहिल्या स्तरात एका पानावर एखाद-दुसरं वाक्य, तेच तेच शब्द पुन्हा येणारे. चौथ्यात चांगली लांबलचक गोष्ट. परवाना खुला असल्यामुळे श्रेय देऊन गोष्ट छापता येते, वाटता येते, बदलताही येते. बदलण्याची ही मुभा फार मोलाची आहे. काही गोष्टींचं मराठी भाषांतर अडखळतं, वाक्य तोंडात बसत नाही. अशी गोष्ट वर्गात नेण्याआधी एकदा मोठ्याने वाच आणि जिथे जीभ अडेल तिथे वाक्य दुरुस्त कर. पहिली-दुसरी एकत्र बसवणाऱ्या शिक्षिकेला आणखी एक सोय आहे. गोष्टीतला मजकूर झाकून नुसती चित्रं छापायची. दुसरीचं गणित चालू असताना पहिलीची पोरं त्या चित्रांवर आपली गोष्ट रचतात, आणि ती त्यांच्या घरच्या बोलीत रचतात. ती तशीच उतरवून घे, शुद्धलेखनाची लाल शाई तिथे काढू नकोस. साइटवरची चित्रं वापरून नवं पुस्तक बनवायचीही सोय आहे. वर्षअखेरीस वर्गाचं एखादं पुस्तक निघालं तर पालकसभेत दाखवायला काहीतरी खरं असेल.

बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडकडे बरेच शिक्षक आता बघतही नाहीत. हा कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. आपल्याकडे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी तो मुलांच्या पुस्तकांना चिकटवला; पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पाठ्यपुस्तकातले कोड ‘दीक्षा’ ॲपमध्ये उघडतात. केंद्र सरकारने ते ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी, सुरू केलं. आतला माल मात्र सरसकट नाही. काही व्हिडिओ फार सुंदर, काहींत नुसता धडा वाचून दाखवलेला. तेव्हा न बघता वर्गात लावू नकोस. चांगला मिळाला तरी पूर्ण दाखवायची गरज नाही. दीड मिनिट दाखव, थांबव आणि ‘आता पुढं काय हुईल?’ असं त्यांच्याच बोलीत विचार. उत्तरं येऊ देत, मग पुढचं. घरी रेंजमध्ये असताना पाठ ॲपमध्ये उतरवून ठेवला की शाळेत नेट लागत नाही.

चौथीला अपूर्णांक आला की ‘फेट’ काढ. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातली बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत, आणि फाइल एकदा उतरवली की ती साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. छेद वाढवला की वर्तुळाचे तुकडे बारीक होतात, अंश वाढवला की तितके तुकडे रंगतात. ‘आठ मोठे, म्हणून १/८ हा १/४ पेक्षा मोठा’ ही गैरसमजूत तिथे डोळ्यांदेखत कोसळते. पण आधी कागदाच्या घड्या, मगच फेट. हा क्रम उलटा झाला की मुलं नुसतं बटण दाबत बसतात.

‘प्लिकर्स’चं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण यात मुलांच्या हातात फोन लागत नाही. प्रत्येक मुलाला वेगळ्या नक्षीचं एक छापील कार्ड मिळतं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. उत्तराची बाजू वर धरून कार्ड उंचावायचं. शिक्षिकेने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते पडद्यावर येतं. नक्षी प्रत्येकाची निराळी असल्याने शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. सगळी कला प्रश्न घालण्यात आहे. ‘३४७ मध्ये ४ ची स्थानिक किंमत किती?’ याला ४, ४०, ४०० आणि ४७ असे पर्याय दे. ४ म्हणणाऱ्याला दर्शनी आणि स्थानिक किमतीतला फरक कळलेला नाही. ४७ म्हणणारा चारपासून पुढची अख्खी संख्याच वाचतोय. या दोघांना शिकवायचं वेगवेगळं आहे, आणि हे तुला चाचणीचे पेपर तपासल्यावर नाही, तिथल्या तिथे कळतं. याला नेट मात्र लागतं. रेंज नसली तर चार रंगांचे पुठ्ठे कापून काम भागव. यादीत मुलांची नावं भरू नकोस, हजेरी क्रमांक पुरे. हीच काळजी फोटोंची. पालकांना विचारल्याशिवाय वर्गातल्या कुठल्याही मुलाचा चेहरा ग्रुपवर जाता कामा नये.

‘किशोर’ हे मुलांचं मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. तिसरी-चौथीसाठी तो खजिना आहे. तुझ्या स्वतःच्या तयारीला वाईचा मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. हल्ली चॅटजीपीटीकडून स्वाध्याय काढून घेतात. घ्यावेत, पण त्याचं मराठी आणि त्याची माहिती दोन्ही तपासल्याशिवाय झेरॉक्सला देऊ नये.

गृहपाठ पालकांच्या मोबाईलवर टाकायचा मोह तेवढा आवर. २०२० साली ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणून अभ्यास फोनवर जाऊ लागला, तेव्हा घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर बाहेर, अशी घरं कमी नव्हती. त्याच वर्षी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची. ज्यांच्याकडे फोन नव्हता अशा पोरांनाही ती शेजारच्या टीव्हीवर बघता आली. तुझ्या वर्गातल्या किती घरांत दुपारी फोन असतो, हे गृहभेटीत विचारून वहीत टिपून ठेव आणि मगच काय पाठवायचं ते ठरव.

गणपतीला येताना पेनड्राइव्ह आण. ‘किशोर’चे निवडक अंक, पहिल्या स्तराच्या गोष्टी आणि अपूर्णांकाचं फेट मावशी त्यात भरून देईल. शाळेच्या टीव्हीला यूएसबी आहे का आणि तो पीडीएफ उघडतो का, ते आधी बघून कळव. नाहीतर सगळी पानं चित्रांच्या फाइलींत बदलून द्यावी लागतील.

तुझी,
मावशी