नावासकट वाजवा!
(दुर्लक्षित कलावंतांचा मिक्स कसा बनवावा आणि कसा ऐकवावा : एक छोटा अभ्यास)

मंडळी, हॉस्टेलमध्ये गाणी कमी पडली असं कधी झालेलं नाही. एके काळी कॅसेट फिरायच्या, मग सीडी आल्या, लॅनवरचे शेअर फोल्डर आले, पेनड्राइव्ह आले आणि आता नुसती लिंक येते. गाणी वाढत गेली, पण बहुतेक खोल्यांतून आजही तीच पन्नास-साठ गाणी ऐकू येतात. जे आधीच वाजतंय तेच पुन्हा समोर येतं. जे कुणी वाजवत नाही ते आपोआप वर येत नाही, कुणीतरी ते हाताने उचलून दुसऱ्याच्या कानापर्यंत न्यावं लागतं. हे हाताने करायचं काम म्हणजेच मिक्स. ते नीट कसं करावं याचा हा धडा. थोडं गणित आहे, थोडा इतिहास आहे आणि शेवटी गृहपाठही आहे!

१) दुर्लक्षित म्हणजे नेमकं कोण?

"फारसं कुणाला माहीत नाही" एवढी व्याख्या पुरत नाही. का माहीत नाही, हे बघितलं की तीन गट पडतात.

पहिला गट : आवाज सगळ्यांना पाठ, नाव कुणालाच नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाची बांधणी करणारे आणि वाजवणारे कितीतरी जण गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसूझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी अरेंजमेंट केल्या. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचं खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्या गाण्यांतला पाश्चात्य ठेका आणि ब्रासचा झगमगाट यांत चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा आहे. पण रेकॉर्डच्या लेबलवर चित्रपट, गायक, संगीतकार आणि गीतकार एवढीच नावं असायची. वादकांसाठी तिथे जागाच नव्हती.

दुसरा गट : वेळेआधी आलेले. चरणजित सिंग हे मुंबईचे स्टुडिओ वादक. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली : टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेस वाजवणारं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले आणि 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड काढली. ती फारशी कुणी घेतली नाही. पुढे १९८७ साली शिकागोत त्याच टीबी-३०३ वर 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा प्रकार जन्माला आला आणि जगभर गाजला. २०१० साली मुंबईची ही रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा लोक चक्रावले : हा माणूस पाच वर्षं आधी काय करत होता! त्यानंतर सत्तरीतल्या चरणजित सिंगांना परदेशांतून वाजवायला बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

तिसरा गट : आपल्या लोकांत फार मोठे, पण कुंपणाबाहेर अनोळखी. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी आंबेडकरी वस्त्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या गायली जातात, पण 'मराठी गाणी' म्हणून जे कार्यक्रम होतात त्यांत त्यांचं नाव क्वचितच येतं. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची बैठकीची लावणी, शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांचा आवाज, लॉर्ना कोर्देरो यांची ख्रिस पेरींनी बांधलेली कोकणी गाणी, हे सगळे याच गटातले. कुंपण कधी भाषेचं असतं, कधी जातीचं, तर कधी 'हे आपलं नव्हे' एवढ्याच समजुतीचं.

मिक्स बनवताना प्रत्येक गाणं यातल्या कुठल्या गटात बसतं ते स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही तर ते गाणं नुसतंच 'वेगळं' आहे. ठेवू नका असं नाही, पण ते का ठेवलं ते कळलं पाहिजे.

२) लांबी किती?

७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावायची. सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, ऑडिओ सीडी ७४ किंवा ८० मिनिटांची. या मर्यादा होत्या म्हणून निवड करावी लागायची. आज ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर मर्यादाच नाही आणि तीच अडचण आहे. चारशे गाणी दिली की समोरचा एकही ऐकत नाही.

म्हणून नियम असा : ४५ मिनिटं, दहा ते बारा गाणी. जेवण आणि अभ्यास यांच्यामध्ये बसेल एवढंच.

३) क्रम कसा लावायचा?

नवख्याला एकदम अनोळखी पाण्यात ढकललं तर तो बाहेर येतो आणि परत जात नाही. पहिलं गाणं ओळखीच्या काठावरचं हवं. पुढच्या प्रत्येक गाण्यात एक गोष्ट मागच्या गाण्यातली ठेवायची आणि एक बदलायची. एक नमुना बघा :

– सुरुवात 'अलबेला'मधल्या एखाद्या पाश्चात्य ठेक्याच्या गाण्याने. भाषा ओळखीची, ब्रास कानावर येतो.
– मग लॉर्ना यांचं 'बेबदो'. ब्रास तोच, भाषा कोकणी झाली.
– मग आमांसियो डिसिल्वा यांच्या 'इंटिग्रेशन' (१९६९) मधला एक तुकडा. मुंबईत जन्मलेला हा गोवेकर गिटारवादक इंग्लंडला गेला. गोव्याचा धागा तोच राहिला, शब्द गेले आणि जॅझमध्ये रागाची सावली आली.
– मग चरणजित सिंगांचा मालकंस. राग पुढे आला, माणसाच्या जागी यंत्र आलं.
– लगेच मालकंसच, पण ७८ आरपीएमच्या तबकडीवरचा गायकीचा. राग तोच, यंत्राच्या जागी गळा आला.
– मग यमुनाबाईंची बैठकीची लावणी. गळा राहिला, मैफलीची जात बदलली.
– मग वामनदादांचं गीत. शब्द मराठीच राहिले, बैठक सुटून गाणं चौकात आलं.

आता उलट करून बघा. वामनदादांनंतर थेट चरणजित सिंग लावले तर दोघांचंही नुकसान होतं. ऐकणारा म्हणतो, "काय चाललंय काय?" आणि फोनकडे वळतो.

४) आवाजाची पातळी आणि फाइलचं गणित

हा भाग आपल्या शाखेचा! जुन्या तबकडीचा आवाज मंद आणि आजच्या गाण्याचा दणदणीत. दोन्ही पाठोपाठ आली की खोलीतला एक जण सारखा व्हॉल्यूमच्या बटणापाशी. यावर बरेच जण मंद गाणं वाढवत नेतात. पण डिजिटल आवाजाला कमाल पातळी ठरलेली आहे, शून्य डेसिबल. त्यावर गेलेला प्रत्येक तरंग माथ्यावर कापला जातो. त्यालाच क्लिपिंग म्हणतात आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. म्हणून मोठी गाणी खाली आणा. २००१ साली मांडलेली 'रीप्लेगेन' पद्धत हेच करते : फाइलमधल्या आवाजाला हात न लावता "हे इतकं कमी करून वाजव" अशी सूचना लिहून ठेवते. नुसत्या शिखरांची उंची जुळवून भागत नाही, कारण कानाला जाणवतो तो सरासरी जोर.

आता आकाराचं बघू. सीडीचा दर ४४,१०० × १६ × २ = सेकंदाला १४,११,२०० बिट. ४५ मिनिटांचे म्हणजे २,७०० सेकंदांचे झाले सुमारे ४७६ मेगाबाइट. तेच १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत ४३ मेगाबाइट, म्हणजे अकरावा हिस्सा. उरलेलं कुठे गेलं? "हे कानाला जाणवणार नाही" असं ठरवून टाकून दिलं. एमपीथ्री उघडून पुन्हा एमपीथ्री केली की पुन्हा टाकणं होतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं! म्हणून मूळ प्रत फ्लॅकसारख्या न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवा आणि दाब द्यायचा तो शेवटी, एकदाच.

जुन्या तबकड्यांची खरखर पूर्ण काढायच्या मागे लागू नका. १९२५ च्या आधीचं ध्वनिमुद्रण मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यात गाऊन व्हायचं. त्यात वरचे आणि खालचे स्वरांश मुळातच कमी. खरखरीबरोबर उरलेसुरलेही जातात आणि गायिका बादलीतून गातेय असं वाटतं.

५) नावं : सगळ्यात महत्त्वाचा भाग

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. त्या गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. पुष्कळांना तो नखरा वाटतो. कारण मात्र साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना हिंदुस्तानी गाणं कळणार कसं आणि लेबल लावणार कुठलं? म्हणून नाव ध्वनीतच बांधून पाठवायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर तो मेटाडेटा होता!

आता आपल्या एमपीथ्रीकडे या. १९९६ साली आलेल्या आयडीथ्री टॅगची पहिली आवृत्ती १२८ बाइटची. ३ बाइट ओळखखूण, गाण्याचं नाव ३०, कलावंत ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३०, प्रकार १. बेरीज करून बघा, बरोबर १२८. यात संगीतकाराला रकाना नाही, गीतकाराला नाही, साथीदारांना तर नाहीच. देवनागरीचीही सोय नाही. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत संगीतकार आणि गीतकार असे रकाने आले, युनिकोडही आलं. पण भरणार कोण? फाइल फिरत राहते 'ट्रॅक ०१' या नावाने. म्हणजे रेकॉर्डच्या लेबलने चिक चॉकलेटना जे केलं, तेच आपण रिकाम्या टॅगने करतो. तेही जागा असताना!

म्हणून मिक्ससोबत एक पानी तक्ता द्यायचाच : गाणं, गायक, वादक, संगीतकार, गीतकार, वर्ष, कंपनी, आणि हे गाणं तुम्हाला कुठे सापडलं. माहीत नसेल तो रकाना कोरा ठेवा, अंदाजाने भरू नका. कोरा रकाना बघून कुणीतरी शोधायला लागतं, चुकीचं नाव मात्र तसंच पुढे छापलं जातं.

आणखी एक गोष्ट. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये नायक ज्या नावाने स्वतःची ओळख करून देत नाचतो ते नाव या गुरूंचंच, शिष्याने दिलेली गुरुदक्षिणा. साऱ्या देशाने ते नाव गायलं, पण ते खऱ्या माणसाचं आहे हे कितीजणांना कळलं? गाण्यात आलं तरी कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतंच.

६) वाटायचं की ऐकवायचं?

आता तुम्ही म्हणाल, फाइल कॉपी करून दिली की झालं. इथे थांबा. सिक्स्तो रॉड्रिग्ज या डेट्रॉइटच्या गायकाची 'कोल्ड फॅक्ट' (१९७०) अमेरिकेत पडली. दक्षिण आफ्रिकेत मात्र ती घराघरांत वाजत होती. चाहत्यांना वाटायचं तो मेला. तो डेट्रॉइटमध्ये अंगमेहनतीची कामं करत होता आणि आपण तिकडे प्रसिद्ध आहोत याचा त्याला पत्ताच नव्हता. चाहत्यांनी त्याला शोधून काढलं आणि १९९८ साली त्याचे तिथे कार्यक्रम झाले. ऐकणाऱ्यांनी त्याला जिवंत ठेवलं हे खरं. पण इतकी वर्षं त्या ऐकण्यातलं काही त्याच्यापर्यंत पोचलं नाही, हेही तितकंच खरं.

आपला कायदाही जाणून घ्या. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे 'रेकॉर्ड जुनी म्हणजे सगळं मोकळं' असं नाही. दुसरीकडे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार निवासी जागेतल्या रहिवाशांच्या सामायिक खोलीत, त्यांच्या सोयीसाठी ध्वनिमुद्रण ऐकवलं तर तो हक्कभंग होत नाही. म्हणजे आपली कॉमन रूम आहेच की!

तेव्हा पद्धत अशी ठेवा. फाइल नव्हे, तक्ता वाटा. गाणी कॉमन रूममध्ये एकत्र ऐका. ज्याचा मिक्स त्याने प्रत्येक गाण्याआधी नावं वाचायची, एक मिनिटात. मध्ये गाणं पुढे ढकलायचं नाही, आवडो न आवडो. कलावंत हयात असेल तर त्याची रेकॉर्ड वर्गणी काढून विकत घ्यायची. एका विंगमधले वीस जण म्हणजे एका चहाच्या पैशात काम होतं.

गृहपाठ

या सुट्टीत घरी गेलात की एक काम करा. तुमच्या गावातला, तालुक्यातला असा एक कलावंत शोधा ज्याचं ध्वनिमुद्रण आहे पण ज्याचं नाव या कॉलेजात कुणी ऐकलेलं नाही. भजनी मंडळाचा पखवाजवाला असेल, तमाशातला ढोलकीवाला असेल, बँडमधला क्लॅरिनेटवाला असेल. गाणं, नाव, वर्ष, सोबत कोण होतं, एवढं लिहून आणा. मेसच्या सर्व्हंट काकांना आणि वर्कशॉपच्या सरांनाही विचारा, त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जुन्या कॅसेट आहेत. बारा जणांनी एकेक आणलं की पुढच्या सत्राचा पहिला मिक्स तयार. आणि तक्त्यातला 'वादक' हा रकाना आधी भरा.