जैसलमेर: किल्ला पहाटे, मुक्काम खाली

जैसलमेरजवळच्या समच्या वाळूत चांदण्याखाली झोपायला गेलो होतो. शेजारच्या छावणीतला डीजे मध्यरात्र उलटली तरी थांबेना, आणि वाळूत पावलोपावली बाटल्या, वेफर्सची पाकिटं. ज्यांना गाणीच वाजवायची आहेत त्यांनी एवढ्या लांब वाळवंटात यावंच कशाला? उजाडायच्या आत जीप करून जैसलमेरला परतलो. त्यामुळेच सोनार किल्ला त्याच्या रहिवाशांसोबत पाहायला मिळाला.

जोधपूरहून गाडीने साधारण पाच तास, हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकी नकाशात सापडेल.

अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ या दरवाजांतून जाणारी वळणावळणाची चढण सूर्य वर यायच्या आत चढा. फरसबंदी झिजून गुळगुळीत झाली आहे, बुटांचे सोल चांगले हवेत. दुकानं बंद होती. चौकात दूधवाला, शाळेला निघालेली पोरं, अंगण झाडणाऱ्या बायका. रावळ जैसलने 1156 मध्ये वसवलेल्या या किल्ल्यात आजही माणसं नांदतात. आपले बहुतेक गड ओस पडलेले, म्हणून हे पाहताना फार बरं वाटतं. तटाच्या माथ्यावर ओळीने गोल धोंडे मांडलेले दिसतील; शत्रू चढू लागला की खाली लोटायचे.

मग तटाच्या पायथ्याशी जा. आम्ही पाहिलेल्या एका बुरुजाचा पिवळा दगड कमरेपर्यंत ओलसर होता, बोट लावलं की पापुद्रा निघत होता. घागरीने पाणी भरणाऱ्या वस्तीसाठी बांधलेल्या किल्ल्यात आता नळ आहेत, हॉटेलं आहेत, शॉवर आहेत. सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरतं, आतले मातीचे थर फुगतात आणि पाया हलतो. गेल्या शतकाच्या अखेरीस काही बुरूज कोसळले. 2013 मध्ये जागतिक वारशाचा शिक्का मिळाला, पण मुरणारं पाणी त्याने थांबत नाही. म्हणून मुक्काम किल्ल्याबाहेरच करा. आत नाश्ता करा, खरेदी करा, तिथलाच वाटाड्या घ्या. अंघोळ मात्र खाली. तटावरच्या तोफेपाशी सेल्फी काढून लगेच उतरणाऱ्यांना मी भटके मानत नाही.

किल्ल्यातल्या जैन मंदिरांत चामड्याच्या वस्तू चालत नाहीत. दुपारी पटव्यांची हवेली, संध्याकाळी गडीसर तलाव. गर्दीपासून लांब जायचं असेल तर खाभा किल्ला गाठा: खाली पालिवाल समाजाचं उजाड गाव, सकाळी मोर. पाणी सोबत न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा.