व्यक्तिस्वातंत्र्य आणि साथीचा कायदा

नागरिकशास्त्राच्या तासाला 'व्यक्तिस्वातंत्र्य' हा शब्द मुले पाठ करतात व पुढे जातात. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील शिक्षकांस त्याच्या उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. चिंचवडचा चापेकर वाडा जवळच आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला व थोड्याच महिन्यांत पुण्यास पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा केला. त्याचे चौथे कलम मुलांस अवश्य सांगावे: या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालत नाही. मार्चपासून रँड यांच्या समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या आरंभिल्या. देवघरे विटाळली, स्त्रियांची अप्रतिष्ठा झाली, अशा तक्रारी झाल्या; दाद मात्र लागेना. काहींस दवाखान्याचीच धास्ती होती, हेही खरे. तथापि सगळा रोष उपचारांवर होता असे नव्हे. टिळकांनी झडत्यांवर कडक टीका केली, आणि प्लेगचे रुग्णालय काढण्यासही हातभार लावला. सावित्रीबाई फुले तर रुग्णांची शुश्रूषा करीत असतानाच त्या रोगाने १० मार्च १८९७ रोजी वारल्या.

२२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ, तर रँड ३ जुलैस मरण पावले. पुढे तिघेही बंधू फासावर गेले. 'मग मारले ते योग्य का?' असे एखादा मुलगा विचारीलच. तेव्हा त्यास गप्प बसवू नये. त्या काळी बहुतेक पुणेकरांस मत नव्हते आणि सरकारला जाब विचारण्याची वाट फार अरुंद होती, हे आधी समजावून द्यावे. मग वर्गाला बोलू द्यावे.

हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, की आता संविधान होते. अनुच्छेद १९ संचाराचे स्वातंत्र्य देतो व लोकहितार्थ त्यावर वाजवी निर्बंधही घालू देतो. निर्बंध वाजवी आहे काय, हे न्यायालयास विचारता येते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणासही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले. मात्र लोकांच्या आरोग्यासाठी योग्य प्रमाणात निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांस पुण्यातील व्यापाऱ्यांनी उघड विरोध केला, तोही याच चौकटीत.

चाकणच्या भाड्याच्या खोलीत दाटीने राहणाऱ्या कामगाराचा प्रश्न याहून अवघड आहे. कारखाना बंद, मजुरी बंद, गावची गाडीही बंद. कागदावर निर्बंध सर्वांस सारखाच होता. पण ज्याच्या घरी धान्य होते त्यास तो सोसला. पुस्तकात हे सापडणार नाही.

आजच्या प्राथमिक वर्गांतील बहुतेक मुलांस २०२० आठवत नाही. तेव्हा त्यांस घरी विचारून यावयास सांगावे: त्या दिवसांत कोणता नियम पटला, कोणता पटला नाही, आणि तक्रार कोणाकडे केली? उत्तरे मिळतील तशीच, भाषा न सुधारता, फळ्यावर लिहावीत.