सीमेवरचे नगर : शिलालेखांतून दिसणारे प्राचीन जुन्नरचे रोजचे जीवन

शिवनेरीला आलेला पर्यटक बहुधा थेट गडावर जातो. त्याच डोंगराच्या कड्यांत कोरलेल्या बौद्ध लेण्यांकडे त्याचे पाऊल क्वचितच वळते. आम्ही मात्र विद्यार्थ्यांना प्रथम या लेण्यांत नेतो. दोन हजार वर्षांपूर्वी येथील माणसे पाणी कोठून घेत, जेवावयास कोठे बसत, आपली ठेव कोणाच्या हाती सोपवीत, हे राजांच्या चरित्रांत सापडत नाही. ते या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेले आहे.

जुन्नर हे दोन अर्थांनी सीमेवरचे नगर होते. पश्चिमेस सह्याद्रीची धार आणि तिच्यातून कोकणात उतरणारा नाणेघाट; खाली कल्याण व सोपाऱ्याची बंदरे. समुद्रमार्गे आलेला माल घाट चढून प्रथम येथे पोचे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे लोक सांगतात. दुसरी सीमा सत्तेची. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्यात हा प्रदेश हातोहात गेला. मानमोडीच्या लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम याने टाके व मंडप दान दिल्याची नोंद आहे. तिचे वर्ष ४६. ते शकसंवताचे धरले तर इ.स. १२४ येते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. बाजारातल्या माणसाच्या दृष्टीने सत्तांतर म्हणजे हेच असावे. नाणे तेच, ठसा नवा.

अशा नगरात परके लोक येऊन राहतातच. जुन्नरच्या लेखांत तीन यवन भेटतात. इरिल याने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी दिली. चिट याने शिवनेरीवर संघासाठी भोजनमंडप दिला. चंद याने मानमोडीच्या एका लेण्याचे दर्शनी काम करविले. अदुथुम नावाचा शक स्वतःस उपासक म्हणवितो. त्याने वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि नऊ निवर्तनांचे वडाच्या झाडांसाठी दिले. करंजाच्या तेलावर दिवा जळतो, वडाखाली वाटसरू बसतो. परदेशातून आलेल्या माणसाने या मातीत झाडे लावावीत, यावरून त्याचा येथून निघून जाण्याचा विचार नव्हता, असे आम्हास वाटते.

येथे जगाच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण आठवते. स्पेनने अमेरिकेतील आपल्या उत्तर सीमेवर लष्करी ठाणी, ख्रिस्ती मिशने व नागरी वस्त्या उभारल्या. १७१८ साली वसलेले सॅन अँटोनिओ हे त्यांपैकीच. तेथेही जीवनाचा आधार पाणी हाच होता. त्यासाठी काढलेले पाट आणि एक दगडी जलसेतू आजही पाहावयास मिळतात. परंतु मिशनमध्ये मूळनिवासींचा दिवस घंटेच्या ठोक्यावर चाले. प्रार्थना केव्हा आणि शेतकाम केव्हा, हे पाद्री ठरवीत. जुन्नरला परका आला तो दाता म्हणून, आणि त्याने येथील संघाची रीत स्वीकारली. अर्थात दानलेखांत दात्याची उजळ बाजूच कोरली जाते, हे विसरून चालणार नाही.

नाणेघाटातील राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची लांबलचक यादी आहे. जुन्नरच्या सामान्यांचे लेख त्यामानाने लहान आहेत आणि त्यांत अनेक ठिकाणी पाण्याचे टाके आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके दिले. कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, पुत्र सुलसदत्त याने लेण्याद्रीचे चैत्यगृह दिले. आणखी एका लेखानुसार भिक्षुणींसाठी उपाश्रय प्रत्यक्ष नगरात होता. म्हणजे चीवर ल्यालेल्या स्त्रिया या बाजारपेठेतूनच ये-जा करीत असणार.

आम्हास सर्वांत मोलाचा वाटतो तो ठेवींचा लेख. त्यात वांसकार, म्हणजे बांबूकाम करणारे, आणि कांस्यकार, म्हणजे काशाची भांडी घडविणारे, यांच्या श्रेणींकडे संघासाठी रक्कम गुंतविल्याची नोंद आहे. तिचे उत्पन्न दरमहा मिळावयाचे. आजच्या भाषेत ही पतपेढी झाली. ज्या बुरुडकामास पुढे जातिव्यवस्थेने खालच्या पायरीवर बसविले, त्याच धंद्याच्या लोकांच्या हाती धर्मादाय रक्कम विश्वासाने ठेवली जात होती. वर्गात हे सांगितले की एखादा मुलगा मान वर करून विचारतो, “सर, ते लिहिलेलं आहे का तिथं?” लिहिलेले आहे.

लिहिलेले नाहीत ते वेगळेच. घाटातून ओझी वाहणारे, रानातला हिरडा वेचणारे, टाक्यांचे पाणी घागरींनी भरणारे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी आजही हिरडा वाळत घातलेला असतो. त्यांच्या पूर्वजांचे नाव एकाही भिंतीवर नाही. लेणी ज्यांनी खोदली त्यांचेही नाही; त्यांच्या छिन्नीचे तिरपे घाव तेवढे खोल्यांच्या छतांवर स्पष्ट दिसतात. म्हणून लेण्यांत गेल्यावर आम्ही मुलांना वहीत प्रथम ते घाव रेखाटावयास सांगतो. अक्षरे त्यानंतर.