टेकण्याआधीचा हिशेब

जळगाव,
आखाजीनंतरचा सोमवार

चि. भाचीबाईस,


आखाजीच्या सणाला तू आलीस आणि धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवरचं तुझं पहिलं सोलो सांगत बसलीस, तेव्हा तुझे दोन्ही हात हवेत विमान चालवत होते. मला फार बरं वाटलं. धुळ्याच्या गाडीत बसता बसता तू विचारलंस, "मामा, सेसना मला अलगद टेकवता येतं, मग जेटचं असं काय वेगळं असतं?" गाडी सुटायला आली होती आणि उत्तर दोन वाक्यांचं नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

पहिला फरक इंजिनाच्या स्वभावाचा. सेसनात तू थ्रॉटल पुढे सारलंस की प्रोपेलर लगेच जोर धरतो, शिवाय त्याचा झोत पंखावरून जात असल्यामुळे विमान जागच्या जागी सावरतं. जेटमध्ये असा झोत नाही. अगदी मंद ठेवलेल्या इंजिनाला पूर्ण जोर यायला सात-आठ सेकंदही लागू शकतात. उतरताना मिनिटाला सातशे फुटांचा वेग धरलास, तर तेवढ्या वेळात तू नव्वदेक फूट खाली आलेली असतेस. लळिंगच्या घाटात केळीचा भरलेला ट्रक जाणता ड्रायव्हर उतार लागायच्या आधीच खालच्या गिअरवर घेतो, न्यूट्रलवर कधी सोडत नाही. जेटचंही तसंच. चाकं आणि फ्लॅप वेळेवर काढून ओढ वाढवायची, म्हणजे इंजिन जागतं ठेवूनही वेग आवाक्यात राहतो. उंच आणि वेगात आलीस, मग सगळा जोर काढून घेतलास, की अडचणीच्या क्षणी हाक मारल्यावर इंजिन उशिरा ओ देणार.

दुसरा वजनाचा. तुझं सेसना अकराशे किलोच्या आसपास, साधारण पासष्ट नॉटनं येतं. एअरबस ए-३२० उतरताना साठ टनांच्या वर भरू शकतं आणि १३५ ते १४० नॉटनं येतं. वेगाचा वर्ग धरून हिशेब कर, ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा अडीचशे पटींच्या घरात जाते. १४० नॉट म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. अलगद टेकावं म्हणून पाच सेकंद तरंगत राहिलीस तर ३६० मीटर धावपट्टी मागे पडली. आपल्या जळगावची धावपट्टी सुमारे १७०० मीटर. तिचा पाचवा हिस्सा नुसता हौसेत गेला. नियम सांगतो की जेटनं धावपट्टीच्या साठ टक्क्यांत थांबता यायला हवं, म्हणजे इथे १०२० मीटर, तेही उंबरठ्यावर पन्नास फुटांवर असल्यापासून मोजून. आपल्याकडे प्रोपेलरचं एटीआर येतं आणि मोठं जेट का येत नाही, असं लोक मला विचारतात, तेव्हा मी हेच गणित मांडून दाखवतो.

त्यात आपला उन्हाळा. पंचेचाळीस अंशांत हवा पातळ होते. काट्यावर १४० दिसत असताना जमिनीच्या मानानं तू जवळजवळ १५० नं धावत असतेस. काटा खोटं बोलत नाही, तो हवेचा दाब सांगतो. धावपट्टी मात्र खरा वेग मोजते.

तिसरी गोष्ट नजरेची. तू नाकात बसलेली असतेस आणि मुख्य चाकं तुझ्यामागे पंधरा मीटरवर, बरीच खाली. सेसनाच्या सवयीनं नजर धावपट्टीच्या काठावर ठेवलीस तर चाकं अलीकडे पडतील. आणि आडव्या वाऱ्यात पंख फार कलवायचा नाही, खाली इंजिन टांगलेलं आहे. नाक वाऱ्याकडे ठेवून यायचं आणि टेकताना रडरनं सरळ करायचं.

ए-३२० मधली एक गोष्ट मला अजून आवडते. पन्नास फुटांवर संगणक नाकाची स्थिती लक्षात ठेवतो आणि तीस फुटांपासून ते हळूच खाली झुकवू लागतो, म्हणजे वैमानिकाला दांडी ओढावीच लागते. साध्या विमानात टेकताना हाताला जे जाणवतं, ते एअरबसच्या माणसांनी मुद्दाम परत आणून ठेवलं. गोंदूरला तुझा हात जे शिकतोय ते वाया जाणार नाही.

आता माझी चूक. पावसाळ्यातली रात्र, ओली धावपट्टी, शेजारी माझे ट्रेनिंग कॅप्टन. मी तरंगत तरंगत असं टेकवलं की मागे टाळ्या वाजल्या. साहेब काही बोलले नाहीत. प्रवासी उतरल्यावर त्यांनी मला तापलेल्या ब्रेकांचे आकडे दाखवले, मग काळोखात धावपट्टीच्या उरलेल्या टोकाकडे बोट केलं. ओल्यात चाक पाण्याच्या थरावर घसरतं. तिथे जरा ठाम टेकवायचं, थर फुटून रबर जमिनीला भिडलं पाहिजे, पंखावरचे स्पॉयलर लगेच उभे राहिले पाहिजेत. त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते.

माझं लाजेवर निभावलं, सगळ्यांचं निभावत नाही. मंगळूरला २२ मे २०१० रोजी बोइंग ७३७ धावपट्टीच्या निम्म्याहून पुढे टेकलं. सहवैमानिकानं आधीच गो-अराउंड, म्हणजे न टेकता पुन्हा वर जाणं, सुचवलं होतं. रिव्हर्स घेतल्यानंतर पुन्हा उडायचा प्रयत्न झाला आणि विमान टोकापलीकडच्या दरीत गेलं. १५८ जीव गेले, आठ वाचले. दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये कोळिकोडला पावसात पुन्हा उशिरा टेकणं, पुन्हा टोकाची दरी, २१ मृत्यू. त्या वैमानिकांना मी शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. त्यांच्यासारख्या अनुभवी हातांनाही हे झालं, म्हणूनच सांगतो: हजार फुटांवर वेग, मार्ग, उतरण्याचा दर, इंजिनाचा जोर यातलं काहीही बसलेलं नसेल तर कुणाची परवानगी न मागता वर जा. शेजारचा "गो-अराउंड" म्हणाला, तर तो हुद्द्यानं लहान की मोठा हे बघू नकोस.

गोंदूरला हे आतापासून हाडात मुरव. पुढच्या आठवड्यात इन्स्ट्रक्टरना विचारून दररोज एक तरी चांगलं चाललेलं लँडिंग मुद्दाम सोडून दे आणि वर जा. इंजिनानं जोर धरला की मनात आठपर्यंत मोज, तेवढा वेळ जेट गप्प बसलं असतं असं धरून. दुपारी काळ्या रानावरून वर उचलली जाशील, केळीच्या मळ्यावर आलीस की दबशील. तेही वहीत लिहून ठेव, कुठे, किती वाजता, किती फुटांवर. वही घेऊन जूनमध्ये ये, बसून वाचू.

ताईला सांग, सांजोऱ्यांचा डबा माझ्याकडेच राहिला आहे.

तुझा,
मामा