गोरव्याहून समुद्राकडे निघताना

विश्वामित्रीत मगरी, त्यामुळे बडोद्यातली मुलं नदीत पोहायला शिकत नाहीत. आमच्या गोरव्यातली पोरंही तरणतलावातच तयार होतात. म्हणून सहकुटुंब मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा करायचं ठरलं, की काही गोष्टी निघण्याआधीच घरात ठरवाव्यात.

१. आधी पंचांग, मग तिकीट.
कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला साधारण सहा वाजता भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. भांगात पाण्याला ओढ कमी, गढूळपणाही कमी. पहिल्यांदा उतरणाऱ्यासाठी हेच दिवस चांगले. दिवाळीत ऐन अमावास्येला धावण्यापेक्षा भाऊबीज आटोपून निघावं, सप्तमी-अष्टमी तिथे मिळते.

२. कानाचं ऐकावं.
पाण्याखाली दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. पण कान पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच दुखू लागतात. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटून हळूच फुंकायचं. कानात बारीकसा ‘टक’ होतो आणि दडा सुटतो. माझ्या मुलीने हे घरीच, सोफ्यावर बसून घोटून घेतलं होतं. सर्दी असेल तर उतरूच नये, पैसे भरलेले असले तरी. खुणाही आधीच पाठ हव्यात. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर न्या’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

३. लाइफ जॅकेट स्वतः तपासावं.
पट्टे आवळल्यावर मुलाचं जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढावं. ते हनुवटीच्या वर सरकलं, तर लहान मापाचं मागावं.

४. ‘मी नाही’ म्हणणाऱ्याला आग्रह करू नये.
सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही या जाऊन, मी होडीत बसते.” त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही, याचा मला फार आनंद आहे. भीती घालवायला समुद्र ही जागा नव्हे.

त्यांचं साहस नंतर झालं, जामनगरच्या पुढे वाडीनारजवळ नरारा इथे. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचं, देशातलं पहिलं. ओहोटीला पाणी दूर जातं आणि प्रवाळांच्या खडकावरून चालता येतं. इथे गणित उलटं: उधाणाचेच दिवस हवेत, कारण तेव्हा ओहोटीही मोठी. वेळ वन खात्याकडून विचारून घ्यावी, वाटाड्या घ्यावा, पायात पकड असलेले बूट हवेतच. घोटाभर पाण्यात वाकून सासूबाई ओरडल्या, “अगं, हा दगड हलतोय बघ!” तो ऑक्टोपस होता. आमच्या देखत खडकासारखा करडा होता तो तपकिरी झाला आणि कपारीत शिरला.

शंख-प्रवाळ उचलायचे नाहीत. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि वाटाड्याने परतायला हाक मारली, की एका फोटोसाठीसुद्धा थांबायचं नाही. सपाट खडकावर भरतीचं पाणी झपाट्याने पसरतं.