शहर कोण सांगतो? : 'मुंबईचे वर्णन' आणि 'माझा प्रवास'

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) हे पुस्तक वळणबिंदू मानण्याचा प्रघात आहे. त्यापूर्वीचे लेखन माहितीपर आणि त्यानंतरचे ललित, अशी ही विभागणी आहे. प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वाचा रंग वर्णनाला किती चढला आहे, हा तिच्यामागचा निकष होय. अध्यापनाच्या सोयीसाठी तो उपयुक्त असला तरी त्याची किंमत एकोणिसाव्या शतकातील दोन महत्त्वाच्या ग्रंथांना मोजावी लागली आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' (१८६३) स्थानिक इतिहासाच्या कपाटात गेले, तर विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' सत्तावनच्या उठावाचा साक्षीपुरावा ठरला. दोन्ही ग्रंथ सतत उद्धृत होतात; परंतु शहर शब्दांत कसे उभे करावे या प्रश्नाची दोन उत्तरे म्हणून ते शेजारी ठेवून क्वचितच वाचले जातात.

स्थळाची नोंद करण्याची परंपरा मराठीत पुष्कळ जुनी आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' हे तिचे ठळक उदाहरण. चक्रधरस्वामींचे वास्तव्य जेथे झाले ती ठिकाणे दिशा, दार, अंतर यांच्या खुणांनी त्यात निश्चित केलेली आहेत. पोथी हाती घेऊन निघालेल्या साधकाला ती जागा सापडावी, हाच तिचा हेतू आहे. लेखकाला तेथे काय वाटले याला तिच्यात स्थान नाही, आणि तसे नसणे हा दोष मानण्याचेही कारण नाही. वाचकाला मुक्कामावर पोहोचवणारे गद्य आणि लेखकाचा अनुभव सांगणारे गद्य यांच्या कसोट्या निराळ्या आहेत.

गोविंद नारायण मूळचे गोव्याचे. बालपणीच मुंबईत आले आणि तेथेच शिक्षक झाले. बाहेरून येऊन रहिवासी झालेल्या माणसाचे कुतूहल त्यांच्या ग्रंथात सर्वत्र जाणवते. मुंबईत जन्मलेल्याला ज्या गोष्टी सांगाव्याशाही वाटल्या नसत्या, त्या ते सांगतात. बंदरे, बाजार, देवळे, टांकसाळ, शाळा, रेल्वे, नाना जातीजमाती आणि त्यांचे उद्योग यांचा पसारा ते मांडत जातात. लेखनकाळही लक्षात घेतला पाहिजे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती, १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले होते, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाच्या व्यापारातून शहरात पैशाचा पूर आला होता. कोटाच्या भिंती त्याच दशकात पाडल्या गेल्या. शहर डोळ्यांदेखत बदलत असताना त्याची मोजदाद करण्याची निकड या ग्रंथामागे आहे.

ही मोजदाद तटस्थ नाही. सुधारणेवर, शिक्षणावर आणि इंग्रजी राज्याने आणलेल्या सुव्यवस्थेवर या लेखकाचा विश्वास आहे. शहर वाढते म्हणजे शहाणे होते, असा त्याचा सूर आहे. 'मी' फारसा पुढे येत नसला तरी लेखकाचे व्यक्तिमत्त्व काय मोजावे आणि कशाचे कौतुक करावे या निवडीतून प्रकटते. ग्रंथानंतर दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, कापसावर उभा राहिलेला सट्ट्याचा डोलारा कोसळला. गोविंद नारायण यांचे निधनही त्याच वर्षीचे. १८६८ मध्ये ना. वि. जोशी यांनी 'पुणे शहराचे वर्णन' लिहिले. यावरून हा लेखनप्रकार रुजू पाहत होता, एवढे तरी म्हणता येते.

गोडसे भटजींची गोष्ट अगदी वेगळी. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक १८५७ साली कर्ज फेडण्याच्या विवंचनेत घरातून निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही आशा, सोबतीला काका. वाटेत महूच्या आसपास बंडाची वार्ता कानी पडली, तरीही ते परतले नाहीत. या प्रवाशाचे शहर पाहण्याचे माप त्याच्या वृत्तीने ठरवले आहे. दाता कोण, मुक्काम कोणाकडे, नदीला घाट आहे की नाही, आपल्याकडची माणसे कोठे राहतात, हे त्याचे पहिले प्रश्न. हल्लीच्या मार्गदर्शिकेचे प्रश्नही यांहून फार निराळे नसतात! शहराची त्याला लागणारी माहिती गरजेतून आलेली आहे, म्हणून ती नेमकी आहे.

झाशीच्या प्रकरणात मात्र या नजरेची कसोटी लागते. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला, आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले. भटजी तेव्हा शहरातच होते. हलवाईपुऱ्याला लागलेली आग, विहिरींत उड्या घेणारी माणसे, लपून काढलेले दिवस हे सारे त्यांनी सांगितले आहे. या साऱ्यात लुटीच्या वर्णनाकडे अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावयास हवे. प्रथम सोनेरुपे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडेलत्ते, मग धान्य, अशा क्रमाने शहर रिकामे होत जाते. माडगावकरांच्या ग्रंथात शहरातील जिनसांची यादी समृद्धीचे माप म्हणून येते. येथे तशीच यादी लुटणाऱ्यांच्या हातांनी तयार होते. एका शहरात काय काय होते हे ते नाहीसे होताना कळते. यादी हे रूक्ष साधन आहे असे समजणाऱ्या समीक्षेने हा भाग पुन्हा वाचावा. भटजी येथे आक्रोश करीत नाहीत, आणि परिणाम साधतो तो वस्तूंच्या क्रमानेच.

राणी लक्ष्मीबाईंशी विहिरीपाशी झालेली त्यांची भेट पाठ्यपुस्तकांमुळे सर्वतोमुखी झाली. त्या एका प्रसंगाच्या तेजाने उरलेला प्रवास झाकोळून गेला आहे. पुढे लुबाडले जाऊनही काशीपर्यंत जाणारा, आणि आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगाजलाची कावड खांद्यावरून कोकणापर्यंत वाहून आणणारा हा प्रवासी आहे. दक्षिणेच्या आशेने निघालेल्याच्या पदरी शेवटी द्रव्य थोडे आणि ओझे पाण्याचे, हा ग्रंथाचा आकार त्या गौरवप्रसंगापुरत्या वाचनात हाती लागत नाही.

ग्रंथाच्या संहितेचा प्रश्नही येथे दुर्लक्षून चालणार नाही. भटजींनी हकीकत लिहिली ती चिं. वि. वैद्य यांच्या आग्रहावरून, प्रवासानंतर वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. वैद्यांनी १९०७ मध्ये ती प्रसिद्ध केली, पण भाषा व रचना यांवर स्वतःचा हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. गोडसे भटजींच्या निवेदनशैलीविषयी निष्कर्ष काढताना आधार कोणत्या संहितेचा, हे सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. वैद्यांची घडी घातलेली वाक्ये भटजींच्या स्वभावाचा पुरावा म्हणून सादर होण्याचा धोका वर्गात आजही आहे.

रहिवाशाची मोजदाद आणि वाटसरूची हकीकत यांना एकत्र आणण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न पंडिता रमाबाईंनी केला. १८८९ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच तो नोंदलेला आहे : 'यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतच्या समुद्रप्रवासाने ग्रंथ सुरू होतो. त्यानंतर मात्र प्रवासी मागे सरतो. राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्मसंस्था, उद्योग यांची प्रकरणे क्रमाने येतात आणि शेवट स्त्रियांच्या स्थितीवर होतो. काणेकरांच्या पुस्तकाआधी अर्धशतक, व्यक्तिगत अनुभव किती सांगावा आणि कोठे थांबवावा याचा निर्णय येथे एका लेखिकेने विचारपूर्वक घेतलेला दिसतो. नावातील 'लोकस्थिति' हा शब्द तिने 'प्रवासवृत्त' या शब्दाच्या आधी ठेवला आहे.